अंगावर पाजणाऱ्या आईचा व्यायाम: पहिल्या दिवसापासून तीन महिन्यांपुढे

व्यायामाचा विषय निघाला की बाळंतिणीला घरातून पहिला प्रश्न विचारला जातो तो दुधाचा. फार चाललीस तर दूध आटेल, घाम आला की दूध आंबट होईल, दमून आल्याआल्या पाजलेस तर बाळाला बाधेल, या सूचना ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या घरांत जितक्या सहज ऐकू येतात तितक्याच घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींतही ऐकू येतात. त्यांमागची काळजी खरी असली तरी त्यांतली भीती तपासणीत टिकलेली नाही. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केवळ अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांपैकी एका गटाने प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी व्यायाम सुरू केला, तो दिवसाला पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे बारा आठवडे चालवला, आणि व्यायाम न करणाऱ्या गटाशी तुलना केली असता दुधाचे प्रमाण, दुधातील घटक आणि बाळाचे वाढते वजन यांपैकी कशातही फरक आढळला नाही. गंमत अशी की आयांच्या वजनातही फरक पडला नाही, कारण व्यायाम करणाऱ्यांची भूक वाढली आणि त्या तेवढे जास्त जेवल्या.

दम लागून थांबावेच लागेल इतका जोराचा व्यायाम केल्यास दुधातील लॅक्टिक आम्ल थोड्या वेळापुरते वाढते, परंतु त्यामुळे बाळाला अपाय होत नाही. व्यायामानंतर बाळ तोंड फिरवत असेल तर त्याचे कारण बहुधा त्वचेवरचा खारट घाम असतो. ओल्या फडक्याने छाती पुसून घेतली की काम भागते. दूध टिकते ते बाळ वारंवार ओढते म्हणून. पाजण्याच्या वेळा चुकवणे, जेवण तोडणे आणि छाती आवळणारे कपडे घालणे यांनी दूध कमी होऊ शकते. चालण्याने होत नाही.

घाई करू नये हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मात्र योग्य आहे. त्याचे कारण दूध हे नसून ओटीपोट हे आहे. नऊ महिने ताणलेले पोटाचे स्नायू, गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारा स्नायूंचा पट्टा, सैल झालेले सांधे आणि सिझेरियन झाले असल्यास पोटावरचे टाके या गोष्टी व्यायामाचा वेग ठरवतात. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नये. गर्भारपणात रक्तदाब वाढलेला असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर पहिल्या टप्प्यापासूनच डॉक्टरांना विचारून चालावे.

पहिला टप्पा: पलंगावरचे दिवस

प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो आणि सिझेरियननंतर तो आणखी वाढतो. म्हणून रुग्णालयातच, डॉक्टरांनी परवानगी दिल्याबरोबर, उठून चार पावले टाकावीत. झोपलेल्या स्थितीत पावले वर-खाली आणि गोलाकार फिरवणे हा व्यायाम दर तासा-दोन तासांनी करण्यासारखा आहे. दीर्घ श्वास नाकाने घ्यावा, तो बरगड्यांपर्यंत भरू द्यावा आणि सावकाश सोडावा.

सिझेरियन झालेल्या स्त्रीने पलंगावरून उठण्याची पद्धत पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी, कारण सरळ उठून बसताना सगळा ताण टाक्यांवर येतो. प्रथम दोन्ही गुडघे दुमडावेत. मग खांदे, कंबर आणि गुडघे एकदमच एका कुशीवर वळवावेत, मधे पीळ पडू देऊ नये. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावेत आणि खालच्या हाताचे कोपर व वरच्या हाताचा तळवा यांनी गादीला रेटा देत, श्वास सोडत उठून बसावे. लगेच उभे राहू नये. चक्कर येत नाही याची खात्री करून मग उठावे. खोकताना किंवा शिंकताना टाक्यांवर छोटी उशी दाबून धरावी. बाळापेक्षा जड वस्तू सहा आठवडे उचलू नये, आणि त्यात पाण्याने भरलेली बादलीही आली.

याच दिवसांत ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम सुरू करावा. बहुतेक डॉक्टर त्याला कीगल म्हणतात. नॉर्मल प्रसूती असो वा सिझेरियन, तो दोघींनाही लागतो, कारण गर्भाचा भार दोघींनीही वाहिलेला असतो. लघवीची नळी लावलेली असल्यास ती काढल्यानंतर सुरुवात करावी. लघवी आणि वात एकाच वेळी रोखून धरायचे आहेत अशी कल्पना केली की जे स्नायू आत आणि वर ओढले जातात, तेच हे स्नायू. श्वास सोडताना ते वर ओढावेत, चार-पाच सेकंद धरावेत आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे आणि घाईत नेमके तेच राहून जाते. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे आणि हळूहळू धरण्याचा काळ दहा सेकंदांपर्यंत न्यावा. मांड्या आवळल्या जात असतील, नितंब उचलले जात असतील किंवा श्वास अडत असेल तर दुसरेच स्नायू काम करीत आहेत असे समजावे. प्रत्यक्ष लघवी करताना ती मधेच थांबवून सराव करण्याची सवय लावून घेऊ नये. त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही.

नवजात बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते. त्यांपैकी तीन वेळा पाजण्याशी हा व्यायाम जोडून टाकला तर वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि विसरतही नाही.

दुसरा टप्पा: सव्वा महिना

सव्वा महिन्याच्या प्रथेतील विश्रांतीची बाजू मोलाची आहे. बाळंतिणीला स्वयंपाक, धुणी आणि पाहुण्यांची ऊठबस यांतून सूट मिळावी यासाठी एवढी भक्कम सोय दुसरी कोणतीही नाही. विश्रांतीचा अर्थ दिवसभर आडवे राहणे असा मात्र घेऊ नये. पहिल्या आठवड्यात खोलीतल्या खोलीत पाच मिनिटे, मग घरभर दहा मिनिटे, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इमारतीच्या आवारात किंवा पोडियमवर सावकाश एक-दोन फेऱ्या, असा क्रम नॉर्मल प्रसूती झालेल्या बहुतेक स्त्रियांना झेपतो. सिझेरियननंतर हाच क्रम आठवडाभर मागे ठेवावा. नवी मुंबईत वाशी, नेरूळ किंवा कोपरखैरण्यातील सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना अनेक ठिकाणी लिफ्ट नाही. तिथे दिवसातून एकदाच खाली उतरावे, कठडा धरावा, आणि बाळाला दुसऱ्या कोणीतरी घ्यावे.

किती चालावे याचे उत्तम माप शरीरच देते. अंगावरून जाणे कमी होत आलेले असताना चालण्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाढले किंवा लालभडक झाले, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून दोन दिवस पावले आवरावीत.

पोटाला पट्टा बांधावा का, हा प्रश्न हमखास येतो. सैलसर आधार म्हणून पट्टा चालतो आणि सिझेरियननंतर त्याने उठता-बसताना बरे वाटते. पोट आत जावे म्हणून करकचून बांधलेला पट्टा मात्र सगळा दाब खाली, आधीच थकलेल्या स्नायूंवर ढकलतो, आणि पोटाचे स्नायू स्वतः काम करीत नाहीत ते नाहीतच. मालिशवाल्या बाईंना पाठ, खांदे आणि पाय सोपवावेत. पोट आणि टाके सोपवू नयेत. एका पोटरीला सूज किंवा दुखरेपणा असेल तर तिथे मालिश मुळीच करू देऊ नये, ती आधी डॉक्टरांना दाखवावी. फ्लॅटच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक देणे हेही सोडून द्यावे. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता साचतो आणि खोलीत बाळही असते. गरम पाण्याच्या पिशवीने तेच काम होते.

तिसरा टप्पा: सहाव्या आठवड्याची तपासणी

ही तपासणी अनेकजणी बाळाच्या लसीबरोबर उरकून टाकतात आणि स्वतःविषयी काहीच विचारत नाहीत. टाके भरले का, रक्तदाब किती आहे, हिमोग्लोबिन किती आहे आणि व्यायाम वाढवण्यास हरकत आहे का, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. हिमोग्लोबिनचा प्रश्न टाळू नये. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, आणि रक्त कमी असलेली बाळंतीण जिना चढताना धापा टाकते तेव्हा तिला व्यायाम नव्हे तर लोह हवे असते. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या प्रसूतीनंतर 180 दिवस घ्याव्यात असे सरकारी कार्यक्रमात सांगितले आहे. त्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मिळतात.

पोटाचे स्नायू मधोमध कितपत दुभंगले आहेत हे सहा आठवड्यांनंतर घरीही पाहता येते. पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत. बोटांची टोके पायांकडे राहतील अशा रीतीने दोन-तीन बोटे बेंबीच्या किंचित वर, मधोमध ठेवावीत. श्वास सोडत डोके आणि खांदे थोडेसे उचलले की दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कडा बोटांना लागतात. मधली फट दोन बोटांहून रुंद असेल, किंवा डोके उचलताना पोटाच्या मध्यावर घडीसारखा उंचवटा दिसत असेल, तर प्रसूतीनंतरच्या व्यायामाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जावे. फट भरेपर्यंत पोट कमी करण्यासाठी म्हणून केले जाणारे सिट-अप्स (पाठीवर झोपून धड उचलत उठून बसणे), क्रंचेस, प्लँक आणि दोन्ही पाय एकदम उचलण्याचे व्यायाम वर्ज्य समजावेत. कपालभातीही या काळात थांबवावी, कारण तिच्यात पोटावर वारंवार झटके बसतात. ज्या व्यायामांनी पोट सपाट होईल असे सर्वत्र सांगितले जाते नेमके तेच व्यायाम नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला नडतात, हे मैत्रिणींच्या सल्ल्यात कधीच येत नाही.

चौथा टप्पा: बाहेर चालणे

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार, अडचण नसलेल्या बाळंतिणीने आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम करावा. हा आकडा गाठण्याचे ध्येय आहे, सुरुवात नाही. आठवड्यातून चार दिवस पंधरा मिनिटे चालून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. चालता चालता बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका जोर पुरेसा असतो.

निघण्यापूर्वी बाळाला पाजावे. छाती हलकी होते, चालताना ठणकत नाही, आणि पुढचा तास-दीड तास बाळ आजीजवळ निवांत राहण्याची शक्यता वाढते. सहसा ज्या बाजूला दूध जास्त दाटते ती बाजू आधी पाजावी. ब्रा आधार देणारी पण न आवळणारी असावी. घट्ट स्पोर्ट्स ब्रा चालून आल्याबरोबर काढावी, नाहीतर दूध साचून गाठी येतात. छातीचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला, अंगात कणकण आली, तर व्यायाम थांबवावा, पाजणे थांबवू नये, आणि एका दिवसात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे.

जागा निवडताना सपाट रस्ता, बसायला बाक आणि जवळ स्वच्छतागृह या तीन गोष्टी पाहाव्यात. ठाण्यात कचराळी तलावाची फेरी नवशिक्या बाळंतिणीला सोयीची आहे. तलावपाळीला संध्याकाळी गर्दी फार होते, म्हणून तिथे सकाळीच जावे. उपवनचा काठ चांगला आहे, परंतु तिथून येऊरचा चढ धरण्याचा मोह पहिले तीन महिने आवरावा. नवी मुंबईत वाशीचे सागर विहार, नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई आणि खारघरचे सेंट्रल पार्क येथे वाहनांपासून दूर चालता येते. पाम बीच रोडच्या कडेने चालू नये, तिथली वाहने फार वेगाने जातात. बाबागाडी घेऊन जायचे असेल तर उद्यानातच जावे. आपल्याकडचे पदपथ मधेच तुटतात आणि गाडी उचलताना कमरेला हिसका बसतो. बाळाला झोळीत बांधून न्यायचे झाल्यास त्याचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीवर टेकलेली नसावी, आणि अशा वेळी फक्त सावकाश चालावे.

एप्रिल-मे महिन्यांत आणि ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी सातच्या आत परत यावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरश्यांवर पाय घसरतो आणि या काळात सांधे सैल असल्याने मुरगळणे सोपे असते. तेव्हा स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा घरातच जागच्या जागी पावले टाकलेली बरी. हिवाळ्याच्या सकाळी हवेत धूर-धूळ दाटलेली असेल तर तोच नियम.

थांबण्याच्या खुणा पाठ असाव्यात. तासाभरात एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, 38 अंश सेल्सिअसहून जास्त ताप, टाक्यांतून पू किंवा पाणी येणे, एका पायाच्या पोटरीत सूज आणि वेदना, छातीत दुखणे, धाप लागणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोकेदुखी आणि अंधुक दिसणे हे वाढलेल्या रक्तदाबाचे लक्षण असू शकते आणि तो प्रसूतीनंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो. चालताना किंवा शिंकताना लघवीचे थेंब जाणे, योनीमार्गात जड वाटणे किंवा काहीतरी खाली आल्यासारखे वाटणे ही तातडीची बाब नसली तरी बाळंतपणात होतेच असे म्हणून सोडून देण्याचीही नाही. योग्य व्यायामाने ती बहुतेकींत सुधारते.

पाचवा टप्पा: ताकद

पाजताना पाठ वाकते, मान पुढे येते आणि खांदे गोल होतात. म्हणून बाळंतिणीच्या ताकदीचा व्यायाम पाठीपासून सुरू करावा. भिंतीला पाठ लावून हात वर-खाली सरकवणे, भिंतीवर हात टेकून जोर काढणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, आणि पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे एवढे चार प्रकार, प्रत्येकी दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस पुरेसे आहेत. जोर लावताना श्वास सोडावा. हाच नियम बाळाला पाळण्यातून उचलतानाही पाळावा: आधी पाळण्याजवळ जावे, गुडघे वाकवावेत, बाळाला छातीशी घ्यावे आणि मग श्वास सोडत उभे राहावे. पाजताना स्वतः बाळाकडे वाकण्यापेक्षा उशी घेऊन बाळाला छातीपर्यंत आणले तर पाठदुखीचे निम्मे कारण तिथेच संपते.

अंगावर पाजण्याच्या काळात आईच्या हाडांतील कॅल्शियम काही प्रमाणात कमी होते आणि पाजणे थांबल्यावर ते बहुतांशी भरून येते. नाचणी, दूध, तीळ आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांच्या जोडीला हा ताकदीचा व्यायाम हाडांना उपयोगी पडतो.

सहावा टप्पा: धावणे, जिम, झुंबा

2019 मध्ये ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी तयार केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रसूतीनंतर बारा आठवड्यांपूर्वी धावण्यास सुरुवात करू नये. बारा आठवडे झाले तरी, अर्धा तास झपाझप चालताना लघवी गळत नाही, ओटीपोटात जडपणा येत नाही आणि एका पायावर उड्या मारताना दुखत नाही, एवढे पाहून मगच धावावे. झुंबा आणि दोरीवरच्या उड्यांनाही हेच लागू आहे. पोहण्यासाठी अंगावरून जाणे पूर्ण थांबलेले आणि टाके भरलेले असावेत.

खाणे आणि वजन

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशींनुसार पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 किलोकॅलरी जास्त लागतात. हा वाढीव घास डाळी, उसळी, अंडी, पालेभाज्या, भाकरी यांतून यावा. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू चांगलेच, पण दिवसभर दर तासाला एक दिला जातो तेव्हा जेवणाची जागा तेच घेतात. वजन उतरवायचे असेल तर दूध नीट बसल्यावर, आठवड्याला अर्ध्या किलोपर्यंतच उतरवावे. इतक्या गतीने बाळाच्या वाढीवर परिणाम होत नाही असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. पाणी तहानेनुसार प्यावे आणि पाजायला बसताना तांब्या जवळ ठेवावा. तहान नसताना प्यायलेल्या जादा पाण्याने दूध वाढत नाही.

रात्रीच्या जागरणानंतर सकाळी व्यायाम की झोप, असा प्रश्न पडला तर निःसंकोच झोपावे. मात्र झोप मिळूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले किंवा वाईट विचार येऊ लागले, तर केवळ चालण्यावर विसंबू नये. चालण्याने मदत होते, पण डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते. टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

कामावर परतताना

कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली आहे, आणि बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी विश्रांतीचा वेळ मागण्याचा हक्क आहे. ठाणे किंवा वाशी स्थानकापर्यंतचे चालणे, पुलाचे जिने आणि लोकलमधले उभे राहणे हाही व्यायामच आहे. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात वेगळा व्यायाम निम्म्यावर आणावा. ऑफिसनंतर परस्पर जिमला जायचे असल्यास आधी दूध काढून घ्यावे. काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान त्याहून बरेच वर असते. म्हणून बाटली बर्फाच्या पिशवीसह थर्मल बॅगमध्येच न्यावी आणि घरी पोचताच फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावी.